टेम्सकाठचं कुकम

‘तुमचं मूळ गाव कोणतं?’ हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला आहे. मी गावाचं नाव सांगतो. त्यावर पुढचा प्रश्न येतो, ‘ते झालं हो, पण मूळचे कुठले?’ माझं नाव ऐकल्यावर मराठी गावाचं उत्तर काहींना पुरेसं वाटत नाही. आज ज्या गावाविषयी बोलणार आहे ते माझं नाही. मी विलायतेला कधी गेलेलोही नाही. पण माणूस गावाचा होतो म्हणजे नेमकं काय होतं, हे मला या परक्या गावाच्या इतिहासातून उमगलं.

गावाचं नाव कुकम. लंडनच्या पश्चिमेला, बर्कशरमध्ये, टेम्स नदीच्या काठी वसलेलं. बाराव्या शतकातलं चर्च, एक मुख्य रस्ता आणि १८६७ साली बांधलेला लोखंडी पूल. पूल ओलांडायला १९४७ सालापर्यंत टोल भरावा लागे.

दर जुलै महिन्यात इथल्या नदीवर हंसांची मोजदाद होते. टेम्सवरच्या हंसांवर राजाचा हक्क. पंधराव्या शतकात लंडनच्या दोन जुन्या संघांनाही तो मिळाला, एक मद्यविक्रेत्यांचा आणि दुसरा कापड रंगवणाऱ्या रंगाऱ्यांचा. तिघांचे नावाडी होड्या वल्हवत येतात आणि हंस पकडतात. पूर्वी चोचीवर खाच पाडून मालकी ठरवत, कारण हंस मेजवानीच्या ताटात जाई. आता त्याला कुणी खात नाही. पिल्लांचं वजन करतात, प्रकृती तपासतात, पायात कडी घालतात आणि सोडून देतात. रिवाज तोच राहिला, हेतू मात्र बदलला.

या गावात १८९१ साली स्टॅन्ली स्पेन्सर जन्मला. वडील संगीत शिकवत. मुलगा लंडनच्या कलाशाळेत गेला, पण त्याचं मन गावातच. सोबतचे विद्यार्थी त्याला ‘कुकम’ म्हणूनच हाक मारत! १९१५ साली त्याने हंसांच्या मोजदादीचं चित्र सुरू केलं. वरून खाली रंगवत तो बराच पुढे आला आणि महायुद्धात निघून गेला. आधी ब्रिस्टलच्या इस्पितळात शुश्रूषा, मग मॅसिडोनियाची आघाडी. सप्टेंबर १९१८ मध्ये त्याचा भाऊ सिडनी लढाईत मारला गेला. स्टॅन्ली परतला तेव्हा चित्र घरी तसंच थांबलेलं होतं. ते त्याने १९१९ साली पुरं केलं. मरण पाहून आलेल्या हाताने पुन्हा हंस रंगवायचे, हे सोपं नसणार.

पुढे १९२४ ते १९२७ या काळात त्याने सुमारे अठरा फूट लांबीचं एक चित्र काढलं. मृतांचं पुनरुत्थान, आणि तेही कुकमच्या दफनभूमीत! लहानपणी आम्ही कयामतीच्या गोष्टी ऐकायचो तेव्हा अंगावर काटा यायचा. एका पुस्तकात या चित्राची छापील प्रत पाहिली आणि थबकलो. इथे भीतीचा लवलेश नाही. दुपारची झोप झाल्यावर उठावं तशी माणसं थडग्यांतून उठताहेत. कुणी फूल हुंगतं आहे. कुणी नुसतंच टेकून उभं आहे. त्यांत चित्रकार स्वतः आहे, त्याची पत्नी हिल्डाही आहे. कोपऱ्यात टेम्स दिसते आणि तिच्यावरून सहलीच्या बोटी माणसांना स्वर्गाकडे नेताहेत. चित्राच्या मध्यावर मातीतून काही आफ्रिकन माणसंही वर येताहेत. त्यांचं मूळ गाव कोणतं, हे तिथे कुणी विचारत नाही.

स्वर्ग म्हणून स्पेन्सरने दुसरी जागा शोधली नाही. आपल्याच गावाची कुंपणं त्याने जरा दूर सरकवली.

गाव काही स्वर्ग नव्हतं. संसार मोडला, पैशाची ओढाताण झाली, तेव्हा १९३८ साली त्याला कुकम सोडावं लागलं. १९४५ साली तो परतला. पुढे जुन्या बाबागाडीत रंग आणि कॅनव्हास घालून गावभर ढकलत फिरणारा हा ठेंगणा माणूस सगळ्यांच्या ओळखीचा झाला. १९५९ साली तो गेला. अस्थी गावच्या चर्चच्या आवारातच पुरल्या. लहानपणी तो आईबरोबर ज्या प्रार्थनाघरात जाई, तिथे १९६२ सालापासून त्याच्या चित्रांचं संग्रहालय आहे. ती बाबागाडीही तिथेच आहे.

गावाने आणखी एक गोष्ट राखली. कुकमभोवतीची सामाईक कुरणं १९३४ साली लोकांनी वर्गणी काढून विकत घेतली आणि नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या हवाली केली. जमीन कुणा एकाची राहिली नाही, म्हणून सर्वांची राहिली.

आता कुणी मला मूळ गाव विचारलं, की मला कुकमची दफनभूमी आठवते. मूळ फक्त भूतकाळातच शोधायचं, असं कुठे आहे? शेवटच्या दिवशी जिथल्या मातीतून उठायला आवडेल, तेही आपलं गावच. माझ्यापुरतं ते ठरलेलं आहे. आणि तिथे उठल्यावर पहिला शब्द मी मराठीतच बोलेन.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)