फाईल संपली, हे ठरवतं कोण?

ज्यांना आमचे भाग ऐकण्यापेक्षा वाचायला बरे वाटतात, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

सुरुवात माझ्याच एका चुकीपासून. काही वर्षांपूर्वी एका निवृत्त गिरणी कामगार काकांची आम्ही मुलाखत घेतली होती. विषय होता ८२ चा संप. मित्र रात्री रेकॉर्डिंग सर्व्हरवर चढवत होता, मी घरून ते उतरवत होतो. ‘कॉपी पूर्ण’ असं आलं. मी त्याला फोन केला, "आली रे फाईल, कार्ड रिकामं कर." त्याने केलं. सकाळी ऐकलं, तर काका अर्ध्या वाक्यात थांबलेले. रात्री त्याच्याकडे वीज गेली होती आणि फाईल अर्धीच चढली होती. मग सर्व्हर मला ‘संपली’ का म्हणाला? खोटं बोलला का?

हे समजायला थोडं मागे जाऊ या.

१९७४ च्या सुमारास गॅरी किल्डॉल यांनी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टीम तयार केली. तिच्यात फाईल मोजली जायची १२८ बाइट्सच्या तुकड्यांत. शेवटचा तुकडा अर्धवट भरला असेल तर? मग मजकुराच्या शेवटी एक खूण टाकायची : कंट्रोल-झेड, म्हणजे २६ नंबरचं अक्षर. ही सवय पुढे डॉसमध्येही आली. पण गोची बघा. मजकूर नसलेल्या फाईलमध्ये, समजा चित्रात, २६ हा आकडा मध्येच कुठेही येऊ शकतो. वाचणाऱ्याने त्यालाच खूण मानलं, की चित्र तिथेच तुटलं!

युनिक्सवाल्यांनी, म्हणजे बेल लॅब्जच्या केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी, फाईलच्या आत खूण ठेवलीच नाही. वाचणारा म्हणतो, "पुढचं दे." सिस्टीम सांगते, "इतके बाइट्स दिले." उत्तर शून्य आलं की फाईल संपली. म्हणजे शेवट हे अक्षर नाही, ते एक उत्तर आहे. हे लक्षात ठेवा, आपल्याला लागणार आहे.

आता फाईल दुसऱ्याच मशीनवर असेल तर? १९८० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या सन मायक्रोसिस्टिम्सने एनएफएस आणलं, म्हणजे नेटवर्कवरून फाईल वाचायची पद्धत. त्यातला सर्व्हर मुद्दाम विसरभोळा ठेवला होता. दर वेळी नव्याने ओळख सांगावी लागणारा ग्रंथपालच म्हणा ना! कुठली फाईल, कितव्या बाइटपासून, किती बाइट्स, हे सगळं प्रत्येक विनंतीत सांगायचं. फायदा मोठा होता : सर्व्हर बंद पडून पुन्हा सुरू झाला, तरी त्याला काही आठवायची गरजच नव्हती. तुम्ही तीच विनंती पुन्हा पाठवायची, बस्स.

पण या पद्धतीच्या दुसऱ्या आवृत्तीत, वाचनाच्या उत्तरात ‘संपली’ असं सांगणारी खूणच नव्हती. एका वेळी जास्तीत जास्त ८१९२ बाइट्स मिळायचे आणि सोबत फाईलची माहिती यायची, त्यात तिची साइज. कुठवर वाचलं आणि साइज किती, हा हिशोब मागणाऱ्यानेच करायचा.

१९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीने ही गोष्ट स्पष्ट केली. उत्तरात एक हो-नाही खूण आली, नाव ‘ईओएफ’. नियमही साफ होता : मागितल्यापेक्षा कमी बाइट्स आले आणि खूण ‘नाही’ असेल, तर फाईल संपलेली नाही, उरलेलं पुन्हा माग. ‘कमी मिळालं’ आणि ‘संपलं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आता उत्तरातच दिसू लागलं.

मग माझं काय चुकलं? आमचा सर्व्हर हीच तिसरी आवृत्ती बोलत होता. त्याने ‘संपली’ म्हटलं, ते खरंच होतं. त्या क्षणी त्याच्याकडे तेवढीच फाईल होती. कोणी अजून लिहीत होतं का, लिहिताना मध्येच तुटलं का, हे ती खूण सांगत नाही. ते तिचं कामच नाही. ‘माझ्याकडे आहे तेवढं संपलं’ याचा अर्थ मी ‘सगळं आलं’ असा घेतला.

मूळ कार्डावरची साइज आणि माझ्या फाईलची साइज, हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहिले असते, तर एका मिनिटात कळलं असतं. आता आम्ही तेच करतो. आकडे जुळल्याशिवाय कार्डाला हात लावायचा नाही.

काका पुन्हा बोलायला तयार होते. पण तारीख ठरायच्या आधीच ते गेले. ते अर्धं वाक्य अजून माझ्याकडे आहे : "मग आम्ही गेटवर गेलो, तर..."

तुमच्या फोनमध्ये आजी-आजोबांचं असं काही रेकॉर्डिंग असेल, तर आज त्याची कॉपी करा. आणि ती शेवटपर्यंत ऐका. भेटू पुढच्या भागात!