माळरान व वनप्रदेशातील सायकल-पर्यटन

ठराविक वेळात ठराविक अंतर गाठण्याची ईर्षा न धरता, वाटेतील निसर्ग व लोकजीवन पाहत सायकलवरून सावकाश केलेला प्रवास म्हणजे सायकल-पर्यटन होय. शर्यतीच्या सायकलस्वारीहून ते मूलतः भिन्न आहे. प्रस्तुत नोंदीत अहिल्यानगर (२०२४ पर्यंत अहमदनगर) जिल्ह्यातील माळराने व वने यांच्या संदर्भात या पर्यटनाचा विचार केला आहे. जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही. तथापि माळढोक पक्षी अभयारण्याचा काही भाग, देऊळगाव-रेहेकुरी काळवीट अभयारण्य आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य अशी तीन संरक्षित क्षेत्रे त्यात मोडतात. पहिली दोन गवताळ माळाची व तिसरे सह्याद्रीच्या दाट वनाचे आहे. त्यामुळे माळ आणि रान या दोहोंचा अनुभव एकाच जिल्ह्यात घेता येतो. सायकलच्या रचनेकरिता व तांत्रिक विकासाकरिता [⟶ सायकल].

उगम व प्रसार : कार्ल ड्राइस या जर्मन संशोधकाने १८१७ मध्ये तयार केलेल्या, पायांनी जमीन रेटून चालवावयाच्या दुचाकीपासून सायकलचा इतिहास सुरू होतो. १८८५ मध्ये इंग्लंडमधील जॉन केंप स्टार्ली यांनी समान चाकांची व साखळीची ‘रोव्हर’ सायकल प्रचारात आणली आणि १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या धावेचे एकस्व मिळविले. या दोन सुधारणांनंतर सायकल सामान्य माणसाच्या आटोक्यात आली. त्याआधीच, १८७८ मध्ये, इंग्लंडमध्ये सायकल-पर्यटकांचा मंडळ स्वरूपाचा संघ स्थापन झालेला होता. भारतात १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रवासास निघाले. त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ मध्ये प्रवास पूर्ण करून परतले. हा पराक्रम मोठा असला, तरी येथे अभिप्रेत असलेले पर्यटन त्याहून पुष्कळ साधे व घराजवळचे आहे.

यूरोपातील माळ व वने : यूरोपात ‘हीथ’ म्हणून ओळखली जाणारी भूमी निकस, आम्लधर्मी मातीची असून तीवर हेदरसारखी खुरटी झुडपे वाढतात. ही भूमी बव्हंशी मानवनिर्मित आहे. शतकानुशतकांची चराई, सरपणाची तोड व अधूनमधून लावलेली आग यांमुळे ती उघडी राहिली. चराई थांबली की काही दशकांतच तीवर वृक्ष माजतात. इंग्लंडमधील न्यू फॉरेस्ट हे अकराव्या शतकात विल्यम राजाने शिकारीसाठी राखलेले रान २००५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. तेथील ग्रामस्थांचे सामायिक चराईचे हक्क मात्र अद्याप अबाधित असून त्यांची तट्टे व गुरे माळावर मोकळी फिरतात. नेदर्लंड्समधील होगे फेल्युवे हे उद्यान क्रलर-म्यूलर दांपत्याच्या खाजगी मालमत्तेतून निर्माण झाले व १९३५ मध्ये एका न्यासाकडे सोपविण्यात आले. सु. ५,४०० हेक्टरांच्या या क्षेत्रात वन, हीथ व उडत्या वाळूचे पट्टे लागून आहेत. १९७० नंतरच्या दशकाच्या मध्यास तेथे पांढऱ्या सायकली पर्यटकांना विनामूल्य देण्यास प्रारंभ झाला. आज त्यांची संख्या दीड हजारांहून अधिक आहे व त्यांच्यासाठी ४० किमी.हून लांब सायकलमार्ग आहेत. भारतात राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात सायकलने हिंडण्याची प्रथा रुळलेली आहे.

या यूरोपीय उदाहरणांतून एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. तेथे उघड्या माळाला स्वतःचे मोल आहे असे मानले गेले, म्हणून त्याची राखण झाली. दख्खनच्या माळाच्या वाट्याला हे भाग्य आले नाही.

दख्खनचा माळ : सु. १७,००० चौ. किमी. क्षेत्राचा अहिल्यानगर हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. त्याच्या पश्चिम टोकास, अकोले तालुक्यात, घाटमाथ्यावर काही हजार मिमी. पाऊस पडतो, पूर्व व दक्षिण भाग मात्र पर्जन्यछायेत येतो. श्रीगोंदे, कर्जत व जामखेड तालुक्यांत बेसाल्ट खडकावरील मातीचा थर पातळ असल्याने दाट वन तेथे स्वभावतःच होत नाही. मारवेल, पवन्या, शेडा, कुसळी ही गवते आणि मधूनमधून हिवर, बाभूळ, बोर असे काटेरी वृक्ष हीच येथील मूळ वनश्री होय. तिच्या आश्रयाने काळवीट, लांडगा, खोकड, माळढोक, धाविक, पखुर्डी, चंडोल इ. प्राणी व पक्षी राहतात. हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे भोवत्या जातीचे शिकारी पक्षी माळावर ठेंगणी घिरटी घेताना दिसतात.

हा माळ कधीच निर्मनुष्य नव्हता. धनगरांची खिल्लारे पावसाळ्यात येथे चरत आणि दिवाळीनंतर त्यांचे वाडे कोकणाच्या वा नदीखोऱ्यांच्या दिशेने उतरत. रात्री शेतात मेंढरे बसविल्याबद्दल शेतकरी त्यांना धान्य देत, कारण त्यायोगे जमिनीस खत मिळे. भीमा व तिच्या उपनद्यांच्या काठची काटक तट्टे मराठ्यांच्या घोडदळात नावाजलेली होती व त्यांच्या चाऱ्यासाठी कुरणे राखली जात.

ब्रिटिश अमदानीत या व्यवस्थेला धक्का बसला. १८३५ च्या सुमारास शेजारच्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी सुरू केलेली जमीन-मोजणी व आकारणीची पद्धत पुढे मुंबई इलाख्यात सर्वत्र लागू झाली. सरकारी दप्तरात जमिनीची किंमत तिच्या साऱ्यावरून ठरू लागली. ज्या जमिनीतून सारा येत नाही, ती ‘पडीक’ ठरली. गायरान, माळ, कुरण हे लोकांचे भेद या एका शब्दात बुडाले. स्वातंत्र्यानंतरही शब्द तोच राहिला. १९८५ मध्ये केंद्र शासनाने पडीक जमिनीच्या विकासासाठी राष्ट्रीय मंडळ स्थापन केले. पडीक म्हटले की तेथे काहीतरी लावले पाहिजे, हे ओघानेच आले. गिरिपुष्प, सुबाभूळ व निलगिरी यांची लागवड माळांवर झाली. वृक्षारोपणास विरोध करणे कोणालाही कठीण जाते. परंतु दूरवर नजर टाकून शत्रू हेरणाऱ्या काळविटाला आणि उघड्यावर अंडे घालणाऱ्या माळढोकाला झाडांची दाटी म्हणजे अधिवासाचा नाशच होय.

या कामांमागची निकड मात्र खरी होती. १९७२ च्या दुष्काळात जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे खडी फोडण्याच्या व मातीकामाच्या मजुरीवर जगली. पाझर तलाव, समतल चर आणि खेड्यांना जोडणारे अनेक रस्ते त्या काळात व पुढे रोजगार हमी योजनेखाली तयार झाले. आज सायकलस्वार ज्या अरुंद, कमी रहदारीच्या रस्त्यांनी माळ ओलांडतो, त्यांतील कित्येकांची मूळ खडी दुष्काळी कामावरील स्त्री-पुरुषांच्या हातची आहे. जिल्ह्यातीलच राळेगण सिद्धी व हिवरे बाजार या गावांनी चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळून उजाड डोंगर पुन्हा गवताखाली आणले. बेसुमार चराईने खरवडलेल्या माळाला काही वर्षे विसावा द्यावा लागतो, तर चराई पूर्ण थांबलेल्या माळावर कालांतराने झुडपे माजतात. तेव्हा एकच नियम सर्वत्र लागू पडत नाही.

माळढोक अभयारण्य : माळढोक (शास्त्रीय नाव आर्डिओटिस नायग्रिसेप्स) हा सु. एक मी. उंचीचा, भारतातील सर्वांत वजनदार उडणाऱ्या पक्ष्यांपैकी एक होय. मादी एका विणीत बहुधा एकच अंडे, तेही उघड्या जमिनीवर घालते. सोलापूरजवळील नान्नज येथे १९७० नंतरच्या दशकात या पक्ष्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि १९७९ मध्ये सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांतील सु. ८,४९६ चौ. किमी. क्षेत्र माळढोक अभयारण्य म्हणून घोषित झाले. कर्जत, श्रीगोंदे व नेवासे या तालुक्यांचे भाग त्यात आले.

हेतू चांगला असूनही या घोषणेने पक्ष्याचे नुकसानच अधिक केले, असे म्हणावे लागते. अभयारण्याच्या रेषेत खाजगी शेते, गावठाणे, बाजारपेठा सर्व काही होते. वन खात्याच्या ताब्यातील जमीन त्या मानाने अगदी थोडी व विखुरलेली. जमिनीच्या व्यवहारांवर व बांधकामांवर निर्बंध आल्याने ज्या शेतकऱ्यांनी बाजरी-ज्वारीच्या शेतांत हा पक्षी पिढ्यान्‌पिढ्या वावरू दिला, त्यांनाच तो अडचणीचा वाटू लागला. दरम्यान उजनी, कुकडी व घोड यांच्या पाण्याने कोरडवाहू पिकांच्या जागी ऊस आला. पुढे फेररचनेत अभयारण्याचे क्षेत्र सु. १,२२२ चौ. किमी.वर आणण्यात आले, पण तोवर पक्षी विरळ झाला होता. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय सूचीत त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. आज उरलेल्या माळढोकांपैकी बहुतेक राजस्थानातील थरच्या प्रदेशात आहेत. अहिल्यानगरच्या माळावर सायकलने हिंडणाऱ्यास तो दिसण्याची अपेक्षा ठेवता येत नाही.

रेहेकुरी : कर्जत तालुक्यातील देऊळगाव-रेहेकुरी अभयारण्याची कथा याच्या उलट आहे. १९८० मध्ये घोषित झालेले हे क्षेत्र अवघे २·१७ चौ. किमी. आहे. एवढ्या लहान तुकड्यात काळविटांना संरक्षण मिळाले व त्यांची संख्या वाढली, इतकी की कळप आसपासच्या शेतांत उतरू लागले. पिकांची नासाडी सोसणाऱ्या शेतकऱ्याचा प्रश्न येथेही आहेच. अभयारण्य सायकलने पाहण्यासारखे असले, तरी सायकलीवरून फेरी मारण्याइतके ते मोठे नाही; खरी भ्रमंती भोवतालच्या गावरस्त्यांवर होते. काळवीट शेताच्या बांधावर, ओढ्याच्या कडेला कोठेही दिसतो. पूर्ण वाढलेला नर वरून काळा व पोटाशी पांढरा असून त्याची शिंगे पिळदार असतात. मादी पिंगट व बहुधा शिंगरहित असते. सायकल निःशब्द असल्याने प्राणी बिचकत नाहीत, हा समज अर्धाच खरा आहे. आवाज न करता अगदी जवळ आलेला माणूस अचानक दिसला, तर कळप अधिक वेगाने उधळतो. दुरूनच थांबून, उतरून उभे राहणे उत्तम.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात पर्यटनासाठी जाण्यास वन खात्याचे अनुज्ञापत्र लागते. अभयारण्यातून जाणाऱ्या सार्वजनिक रस्त्याने प्रवास करणाऱ्यास मात्र त्याची गरज नसते. सायकलस्वाराने हा भेद लक्षात ठेवावा.

कळसूबाई-हरिश्चंद्रगड : अकोले तालुक्यातील या अभयारण्याची घोषणा १९८६ मध्ये झाली. त्याचे क्षेत्र सु. ३६२ चौ. किमी. असून राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मी.) व हरिश्चंद्रगड (१,४२४ मी.) ही त्याच्या परिसरातील प्रमुख स्थळे होत. हिरडा, बेहडा, जांभूळ, करवंद व सु. सात वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी येथे आढळते. महादेव कोळी व ठाकर या जमातींची गावे अभयारण्यातच वसलेली असून हिरडा गोळा करणे हे त्यांच्या उपजीविकेचे एक साधन आहे.

प्रवरा नदीवर भंडारदरा येथे १९१० मध्ये सुरू झालेले धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. या पाण्याने खालच्या अंगास ऊस पिकू लागला आणि १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कारखान्याच्या पाळीस निघालेला कामगार, हँडलला किटल्या अडकविलेला गवळी, टपालवाला व शाळामास्तर हे जिल्ह्यातील पहिले खरे सायकलस्वार होत; त्यांच्या लेखी सायकल हौसेची वस्तू नव्हती. विलायती रॅले व हंबर यांच्या जागी देशी सायकली आल्यावर ती खेडोपाडी पोहोचली, आणि मोटारसायकल आल्यावर कामाच्या रस्त्यावरून बरीचशी मागेही हटली. सहलीसाठी सायकल घेणारा वर्ग त्यानंतरचा आहे.

धरणाच्या जलाशयाभोवतीचा ४० किमी.हून थोडा अधिक लांबीचा रस्ता शेंडीहून मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद व रतनवाडी या गावांवरून फिरतो. रतनवाडी येथील अमृतेश्वराचे कोरीव काम असलेले प्राचीन मंदिर आणि साम्रदजवळील सांदण दरी ही या मार्गावरील थांबण्याजोगी ठिकाणे होत. मे महिन्याच्या अखेरीस व जूनच्या प्रारंभी, पहिल्या पावसाच्या सुमारास, येथील झाडांवर काजव्यांचे थवे लुकलुकतात. ते पाहण्यासाठी अलीकडे मोटारींची गर्दी लोटते आणि त्यांच्या दिव्यांच्या झोतांनी काजव्यांच्या प्रकाशसंकेतांत व्यत्यय येतो. दिवा मंद करून रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या सायकलस्वाराचा त्यांना तेवढा उपद्रव होत नाही.

ऋतू व तयारी : घाटमाथ्यावरील वाटांसाठी सप्टेंबर ते जानेवारी हा काळ योग्य आहे, भर पावसाळ्यात धुके व निसरडे उतार धोक्याचे ठरतात. माळासाठी ऑगस्ट ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. ऑगस्टमध्ये गवत हिरवे असते, दिवाळीनंतर ते सोनेरी होते आणि मार्चपासून ऊन असह्य होऊ लागते. पावसानंतर पायवाटांच्या कडेने पसरणाऱ्या सराट्याची काटेरी फळे व बाभळीचे काटे चाकात शिरून नळी वारंवार फुटते. म्हणून जादा नळी, ठिगळे, पंप व पाणी यांवाचून माळावर उतरू नये, कारण दोन गावांमध्ये दुरुस्तीचे दुकान सहसा नसते.