पित्ताम्ल अपशोषण : वर्धा जिल्ह्यातील निदान व उपचार

पित्ताम्ल अपशोषण (बाइल ॲसिड मालॲब्सॉर्प्शन) : यकृतात तयार झालेली पित्ताम्ले लहान आतड्याच्या शेवटच्या भागात पुरेशी परत शोषली न गेल्याने, किंवा मुळातच जास्त तयार झाल्याने, मोठ्या आतड्यात उतरतात. त्यामुळे जी दीर्घकाळ चालणारी पातळ हगवण लागते तिला पित्ताम्ल अतिसार म्हणतात. या विकाराने जीव जात नाही, पण माणूस घराबाहेर पडेनासा होतो. पाश्चात्त्य देशांत शंभरातल्या सुमारे एका माणसाला तो असावा असा अंदाज आहे. हगवणप्रधान ‘आयबीएस’ (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम) असे निदान झालेल्यांपैकी एक चतुर्थांश ते एक तृतीयांश लोकांत पित्ताम्लांचा दोष सापडतो, असे तिकडच्या अभ्यासांतून दिसले आहे. वर्धा जिल्ह्यात या विकाराला रोजच्या बोलण्यात नावच नाही. निदान लांबण्याचे पहिले कारण तेच.

नावाची अडचण आणखी एका बाजूने आहे. ‘मला पित्त आहे’ असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा त्याला छातीतली जळजळ, आंबट ढेकर, डोकेदुखी, कधी अंगावर उठलेल्या गांधी म्हणायच्या असतात. आयुर्वेदातले पित्त ही तर वेगळीच संकल्पना. यकृतातून झिरपून पित्ताशयात साठणारा हिरवट पिवळा रस यांपैकी कशातच येत नाही. त्यामुळे दवाखान्यात ‘पित्तामुळे पोट चालतं’ असे सांगितले की हातात आम्लता कमी करणारी गोळी पडते आणि हगवण तशीच राहते. उलट्या बाजूने, ‘तुमच्या पित्ताचा दोष आहे’ असे डॉक्टरने सांगितले की रुग्ण चहा, मिरची आणि आंबट सोडून मोकळा होतो. दोघेही प्रामाणिक असतात, फक्त शब्द एक आणि वस्तू दोन.

शरीरातील प्रक्रिया : यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्ले बनवते. जेवणातली चरबी पचवून झाली की लहान आतड्याच्या टोकाचा भाग, म्हणजे शेषांत्र, त्यातली सुमारे ९५ टक्के पुन्हा उचलतो आणि रक्तावाटे यकृताकडे पाठवतो. शरीरातला एकूण साठा जेमतेम दोन ते चार ग्रॅम, पण तोच दिवसातून अनेकदा फिरतो. विहिरीचे पाणी पाटाने जाऊन पुन्हा विहिरीतच यावे, तशी ही व्यवस्था. शेषांत्राच्या पेशी पित्ताम्ले उचलताना एफजीएफ-१९ नावाचे संप्रेरकही सोडतात. त्याचा निरोप मिळाला की यकृत उत्पादन आवरते. या संप्रेरकाची पातळी कमी असेल तर आतडे धडधाकट असूनही यकृत पित्ताम्ले ओतत राहते, हे लंडनच्या ज्युलियन वॉल्टर्स यांच्या गटाने २००९ मध्ये दाखवले. ‘कारण सापडत नाही’ म्हणून सोडून दिलेल्या अनेक रुग्णांचे कोडे त्यामुळे सुटले. मोठ्या आतड्यात पोचलेली पित्ताम्ले तिथल्या अस्तराला पाणी आणि क्षार सोडायला लावतात आणि आतड्याची हालचाल वाढवतात. परिणामी पिवळसर, पाण्यासारखी, घाईची संडास होते. जळजळ होते, रात्री झोपेतून उठावे लागते, कधी वाटेतच सुटते. ही शेवटची गोष्ट रुग्ण आपणहून सांगत नाही. ‘जेवलं का पळाच लागते’ एवढेच म्हणतो.

कारणे : वैद्यकीय ग्रंथांत या विकाराचे प्रकार पाडलेले आहेत. पहिला शेषांत्राच्या आजाराचा किंवा ते कापल्याचा, दुसरा वरकरणी कारण नसलेला, तिसरा पित्ताशय काढल्यानंतरचा आणि इतर आजारांसोबत येणारा. परदेशी पुस्तकांत पहिल्या प्रकाराखाली क्रोन्स डिसीज हा आतड्याचा दीर्घकालीन दाह ठळकपणे येतो. वर्ध्यात मात्र ओळ क्षयापासून सुरू करावी लागते. आतड्याचा क्षय नेमका शेषांत्र आणि अंधांत्राच्या सांध्यावर बसतो. आतडे अरुंद होते, अडते आणि शस्त्रक्रियेत तो भाग काढावा लागतो. औषधांनी क्षय बरा झाला तरी व्रण भरलेला भाग पहिल्यासारखा शोषण करेलच असे नाही. विषमज्वरात आतड्याला छिद्र पडते तेही बहुधा याच भागात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी ओटीपोटावर किरणोपचार घेतलेल्या स्त्रियांत, बरे झाल्यावर अनेक महिन्यांनी किंवा वर्षांनी सुरू होणारी हगवण पुष्कळदा याच वर्गातली असते. कर्करोगातून वाचलो, आता पोटाचे काय रडगाणे गायचे, असे म्हणून त्या गप्प राहतात. त्यांना हे आपणहून विचारले पाहिजे.

विदर्भाचे म्हणून एक कारण स्वतंत्र नोंदवले पाहिजे. या भागात सिकलसेलचा आजार काही समाजांत पिढ्यान्‌पिढ्या आहे. तांबड्या पेशी लवकर फुटतात, त्यांतले रंगद्रव्य पित्तात उतरते आणि ऐन विशीत, कधी त्याहून आधीच, पित्ताशयात खडे होतात. पित्ताची पिशवी काढली की साठवणीची जागा जाते आणि पित्त आतड्यात सतत गळत राहते. बहुतेकांना त्याने काही होत नाही किंवा काही महिन्यांत पोट सावरते, पण काहींची हगवण टिकून राहते. सिकलसेलच्या रुग्णाला आधीच दुखण्याचे झटके आणि रक्तक्षय असतात. त्यात पोट चालून शरीरातले पाणी कमी झाले तर नवा झटका येण्याचा धोका वाढतो. म्हणून त्याच्या पातळ संडासकडे ‘ऑपरेशननंतर होतंच असं’ म्हणून पाहणे मला चुकीचे वाटते.

निदान : खात्रीची चाचणी सेहकॅट. सेलेनियम-७५ हे किरणोत्सारी मूलद्रव्य जोडलेल्या कृत्रिम पित्ताम्लाची एक कॅप्सूल गिळायची, त्याच दिवशी आणि सातव्या दिवशी गॅमा कॅमेऱ्याखाली किती शिल्लक आहे ते मोजायचे. सात दिवसांनी १५ टक्क्यांहून कमी उरले तर दोष आहे, ५ टक्क्यांहून कमी उरले तर तो तीव्र आहे. ब्रिटन आणि युरोपातील काही देशांत ही चाचणी रुळली आहे. अमेरिकेत तिला परवानाच नाही आणि भारतातल्या नेहमीच्या तपासण्यांतही ती नाही. यकृत किती पित्ताम्ले बनवते त्याची खूण असलेले रक्तातले ‘सी-४’ मोजणे किंवा ४८ तासांच्या विष्ठेतली पित्ताम्ले मोजणे हे पर्यायही जिल्ह्याच्या पातळीवर हाताशी नसतात. ब्रिटिश तज्ज्ञ संघटनेने २०१८ मध्ये, औषध देऊन पाहण्यापेक्षा चाचणी करणे बरे, अशी शिफारस केली. ती योग्यच आहे, पण चाचणी जिथे आहे तिथल्यासाठी. वर्ध्यात औषधाची मोजून-मापून केलेली परीक्षा हाच व्यवहार्य रस्ता आहे आणि तो कमी प्रतीचा मानण्याचे कारण नाही. अट एकच : आधी इतर आजार वगळले पाहिजेत.

वगळायचे म्हणजे विष्ठेत जंतू आणि जिआर्डिया पाहणे, रक्ताची साधी तपासणी, साखर, थायरॉइड, एचआयव्ही आणि गव्हाच्या ॲलर्जीसारखा समजला जाणारा सीलियॅक आजार तपासणे. औषधांची पिशवी टेबलावर उलटी करून पाहणे हीसुद्धा तपासणीच आहे. मधुमेहासाठी घराघरांत घेतले जाणारे मेटफॉर्मिन स्वतःच हगवण लावते. वजन घटत असेल, ताप, रक्त किंवा रक्तक्षय असेल, तर कोलोनोस्कोपी टाळू नये, आणि ती करताना दुर्बीण शेषांत्रात शिरवून तिथला तुकडा तपासायला घ्यावा. क्षय आणि क्रोन्स हे दोन्ही दिसायला इतके सारखे असतात की घाईने दिलेले स्टेरॉइड क्षयाच्या रुग्णाला महागात पडते.

जिल्ह्यात हे सारे करण्याची सोय आहे, हे आवर्जून सांगायला हवे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय १९४०च्या दशकात स्त्रिया आणि मुलांसाठी लहान प्रमाणावर सुरू झाले. त्याच्याभोवती डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. सावंगी (मेघे) येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९९०चे. आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय त्याला जोडलेले आहे. पोटविकाराच्या खास तज्ज्ञासाठी नागपूर पाऊणशे किलोमीटरवर आहे. पण आष्टी किंवा कारंज्याहून निघणाऱ्या रुग्णाची खरी अडचण किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. तो आदल्या संध्याकाळपासून जेवत नाही, सकाळचा चहा घेत नाही, कारण एसटी मध्ये कुठे थांबेल याचा भरवसा नसतो. ओपीडीत पोचेपर्यंत उपाशी पोटी हगवण थांबलेली असते आणि तो सांगतो, ‘आज बरं हाय.’ डॉक्टरसमोर आजार दिसतच नाही. यावर उपाय म्हणजे सात दिवसांची वही : किती वाजता, किती वेळा, पातळ की घट्ट, रात्री उठावे लागले का, आदल्या जेवणात काय होते. ही वही कोणत्याही मशिनइतकी उपयोगी पडते.

उपचार : कोलेस्टिरामीन हे मुख्य औषध. ही चार ग्रॅमची पुडी आतड्यात पित्ताम्लांना चिकटून त्यांना निष्प्रभ करते, स्वतः रक्तात जात नाही. दिवसाला एका पुडीपासून, नाजूक प्रकृतीला अर्ध्यापासून, सुरुवात करून डॉक्टर मात्रा बदलतात. दोन आठवड्यांत वहीतला आकडा स्पष्ट खाली आला, तर निदानाला बळ मिळते. पुडी कोरडी कधीही तोंडात टाकू नये. पेलाभर पाण्यात टाकून दोन मिनिटे भिजू द्यावी, ढवळावी, प्यावी आणि तळाशी राहिलेला रवाळ गाळ पुन्हा पाणी घालून घ्यावा. चव वाळूसारखी लागते. पोट फुगते, कधी उलट बद्धकोष्ठता होते आणि बरेच जण तिथेच औषध सोडतात. मात्रा कमी करून पाहण्याआधी सोडू नये. दुसरी घोटाळ्याची जागा मेडिकलच्या काउंटरवर आहे. हे औषध कोलेस्टेरॉल कमी करणारे म्हणून प्रसिद्ध असल्याने ‘तुम्हाला हार्टचं लिहिलंय’ असे ऐकून माणूस घाबरतो. थायरॉइडची गोळी, रक्त पातळ करणारे वॉरफरिन, हृदयासाठीचे डिगॉक्सिन ही औषधे पुडीच्या किमान एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्यावीत, नाहीतर पुडी त्यांनाही धरून ठेवते. दीर्घकाळ चालू असेल तर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे आणि शेषांत्र गेले असल्यास बी-१२ यांवर लक्ष ठेवावे लागते. कोलेसेवेलम हे याच वर्गातले गोळीच्या रूपातले औषध आहे. २०२२ मध्ये डेन्मार्कच्या एका चाचणीत लिराग्लुटाइडचे इंजेक्शन त्याहून सरस ठरले, मात्र ते अजून नेहमीच्या उपचाराचा भाग झालेले नाही.

एक इशारा. शेषांत्र शंभर सेंटिमीटरहून जास्त कापले गेले असेल तर पित्ताम्लांचा साठाच आटतो, चरबी पचत नाही आणि संडास चिकट, तेलकट, दुर्गंधी होते. तिथे कोलेस्टिरामीन दिल्यास हगवण वाढू शकते. अशा रुग्णाचा भर आहारातली चरबी कमी करण्यावर हवा.

आहाराचा सल्ला देताना वर्ध्याचे ताट समोर हवे. भाकरी, वरण, भात आणि साध्या भाज्यांना सहसा हरकत नाही. प्रश्न वर ओतलेल्या तेलाचा आहे. गोळाभातावर कडकडीत फोडणीचे तेल घेतल्याशिवाय तो गोळाभात नव्हे, आणि पाटवडीच्या रश्श्यावरची तर्री हीच तिची शोभा. ‘तेलकट बंद’ म्हटल्याने काही होत नाही. गोळाभात खा, तेल चमचाभर घ्या, तर्री बाजूला सारा, एवढे नेमके सांगितले तर घरातली बाई ते पाळू शकते.

खर्चाची बाजू दुबळी आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा भर रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. महिनोन्‌महिने घरी घ्यायच्या पुड्या त्यात बसत नाहीत. सेवाग्रामच्या परिसरात डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी सुगीला ज्वारी देऊन आरोग्यविमा उभा केला होता. दीर्घकालीन औषधांसाठी गावपातळीवरची तशी काही व्यवस्था आजही हवी आहे.

पित्ताशय किंवा आतड्याचे ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाने डिस्चार्ज कार्ड जपून ठेवावे. आतड्याचा कोणता भाग किती सेंटिमीटर काढला ते त्यावर लिहिले आहे की नाही, हे सुट्टी होतानाच पाहावे. लिहिलेले नसेल तर लिहून मागावे.