चेन, तेल आणि पुण्याची धूळ

उंच चाकाच्या जुन्या सायकलला चेनच नव्हती. पायडल थेट पुढच्या चाकाच्या आसाला बसवलेलं, त्यामुळे तेल लागायचं ते बेअरिंगांना. १८८५ साली कोव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांनी ‘रोव्हर’ आणली. तिची दोन्ही चाकं जवळजवळ सारखी होती आणि मागचं चाक चेनने फिरत होतं. आपण आज जिला सायकल म्हणतो ती हीच. तेव्हापासून सायकलवाल्याच्या मागे एक प्रश्न लागला तो लागलाच. चेनला घालायचं काय?

मी टर्नर. आयुष्य खडकीच्या कारखान्यात लेथवर गेलं आणि त्याआधीचं बालपण काकांच्या, तासावर सायकली देणाऱ्या दुकानात. दोन्हीकडे तेलाशीच गाठ होती. त्यामुळे हल्ली पोरं दुकानात उभी राहून चेनच्या तेलाच्या बाटल्यांवरची अक्षरं वाचताना दिसली, की मला या तेलाचा सगळा इतिहास सांगावासा वाटतो. कोणी थांबत नाही, म्हणून लिहितो.

आधी चेन समजून घ्या. १८६४ साली इंग्लंडमधल्या सॅलफर्डच्या जेम्स स्लेटर यांनी एका चेनचं पेटंट घेतलं. तिच्यात पिन नुसत्या पातळ पट्ट्यांच्या भोकांत फिरायची. कडेवर सगळा भार, त्यामुळे भोकं लवकर झिजायची. हान्स रेनोल्ड या स्विस माणसाने १८७९ मध्ये स्लेटर यांचा धंदा विकत घेतला आणि पुढच्याच वर्षी पिनेवर बुश आणि बुशवर रोलर बसवला. भार आता बुशच्या अख्ख्या लांबीवर पसरला. ही चेन त्यांनी सायकलसाठी केलीच नव्हती, ती सूतगिरण्यांच्या यंत्रांसाठी होती. पण आपल्या साध्या सायकलच्या अर्ध्या इंचाच्या कडीत आजही तेच बांधकाम आहे. खरं घर्षण होतं ते पिन आणि बुश यांच्या मधल्या केसाएवढ्या फटीत. बाहेरून चोपडलेलं तेल त्या फटीच्या उपयोगाचं नाही. ते फक्त धूळ धरून ठेवतं.

त्या काळी घालायला काय मिळत होतं? विलायतेत हलक्या यंत्रांना स्पर्म व्हेलच्या डोक्यातलं तेल घालत. ते पातळ आणि थंडीत न गोठणारं असे, पण महाग. चेन रॉकेलने धुऊन, वितळवलेल्या चरबीत शिसपेन्सिलीतल्या ग्रॅफाइटची पूड घालून त्यात ती बुडवून काढायचीही पद्धत होती. पुढे पेट्रोलियमपासूनची खनिज तेलं स्वस्त झाली. १८९४ साली न्यू जर्सीच्या जॉर्ज कोल यांनी ‘थ्री-इन-वन’ नावाचं तेल काढलं ते सायकलवाल्यांसाठीच. साफ करणार, वंगण देणार, गंज थांबवणार अशी एकाच बाटलीत तीन कामं. तिन्ही एकदम नीट करणारं तेल मी अजून पाहिलेलं नाही. पण ती बाटली सव्वाशे वर्षं टिकली आहे, तेव्हा माझ्या मताला किती किंमत द्यायची ते तुम्ही ठरवा.

आपल्याकडे सायकल लवकर आली. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, म्हणजे ‘रोव्हर’नंतर अवघ्या तीन वर्षांत. स्वतः ते मुंबईत शिकवत आणि दुकान त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा सांभाळत. त्या काळी आपल्या घरात हाताशी असायचं ते घाण्याचं तेल. ते चेनला का चालत नाही हे काकांनी मला दुकानात एकेक करून दाखवलं होतं. जवस आणि करडई ही सुकणारी तेलं. रंगारी जवस वापरतात ते त्याचसाठी. आठ-पंधरा दिवसांत चेनवर पिवळट चिकट साय येते आणि कड्या वळेनाशा होतात. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखाली गोठतं, आणि पुण्याच्या डिसेंबरात सकाळी पारा किती असतो ते सांगायला नको. त्यातल्या त्यात एरंडेल बरं. आजोळी बैलगाडीच्या आसाला तेच घालत. पहिल्या महायुद्धातल्या काही विमानांच्या इंजिनांतही एरंडेलच असे, आणि १९०९ साली वेकफिल्ड कंपनीने आपल्या तेलाला ‘कॅस्ट्रॉल’ म्हटलं ते त्याच्या इंग्रजी नावावरून. पण चेनच्या फटीत शिरायला ते फार दाट, आणि कालांतराने तेही राळेसारखं होतं.

मग शिलाई मशीनचं तेल आलं आणि निम्म्या पुण्याने ते पत्करलं. पांढरं, पातळ, बिनवासाचं. फटीत लगेच शिरतं, तेवढ्याच लगेच निघूनही जातं. आठवड्याला घालायची तयारी असेल तर त्यात खोट काढता येत नाही. पण तासावर जाणाऱ्या सायकलीला दर आठवड्याला कोण तेल घालणार? तिथे चालायचं जळकं ऑइल. मोटार गॅरेजातून फुकट मिळायचं, काळंकुट्ट, लांब नाकाच्या कुप्पीत भरलेलं. गिऱ्हाईक खूश, कारण चेनचा आवाज बंद. टर्नर म्हणून सांगतो, त्या तेलात इंजिनाची काजळी आणि धातूचा कीस असतो. त्यात रस्त्याची धूळ मिसळली की व्हॉल्व्ह घासायला वापरतो तीच पेस्ट तयार होते. चेन गुळगुळीत चालते आणि आतून कातली जाते.

या सगळ्या तेलांपेक्षा मोठा शोध मी पत्र्याचा मानतो. वुल्व्हरहॅम्प्टनचे जॉन मार्स्टन हे काळ्या लाखेच्या पत्र्याच्या वस्तू करणारे कारखानदार. १८८७ मध्ये ते सायकलींकडे वळले. त्यांच्या ‘सनबीम’ सायकलची चेन एका बंद पत्र्याच्या पेटीत, तेलाच्या छोट्या हौदात फिरायची. ना धूळ, ना पाणी, ना कपड्याला डाग. संगीतकार एडवर्ड एल्गार यांनी १९०० साली अशीच एक सनबीम घेतली आणि तिचं नाव ठेवलं ‘मिस्टर फीबस’. तेलाचा हौद पुढे मागे पडला, पण पेटी राहिली. हॉलंडमध्ये ती अजून आहे. आपल्याकडे तिला फुल चेन कव्हर म्हणत. धोतर, लेंगा किंवा नऊवारी नेसून सायकल चालवायची तर त्याशिवाय गत्यंतर नव्हतं. हाफ कव्हरवाल्यांना पँटला क्लिपा लावाव्या लागत. कारखान्याचा भोंगा झाला की खडकीच्या रस्त्यावर क्लिपा लावलेल्या पायांचा लोंढा निघे. फुल कव्हरची चेन काकांच्या दुकानात शेवटी बदलायला येई. मागचा तुकडा स्क्रूने काढायचा, चेन पुसायची, तेल द्यायचं, परत बसवायचा. काम किचकट, म्हणून मेकॅनिकांना कव्हर नको असे.

मग गिअरच्या सायकली आल्या. चेन एका दात्यावरून दुसऱ्यावर उडी मारणार म्हटल्यावर तिला पेटीत बंद करता येईना. चेन उघडी पडली आणि बाटल्यांचा बाजार भरला. डब्ल्यूडी-फॉर्टी १९५३ साली सॅन दिएगोत तयार झालं ते पाणी हटवून गंज रोखायला. पुढे ‘ॲटलास’ क्षेपणास्त्राच्या पत्र्यावर ते वापरलं गेलं. सोनीपतच्या ॲटलास सायकलीशी त्याचा काही संबंध नाही, तरी आमच्याकडे चेनवर मारतातच. गंज सुटतो, पण उरलेलं तेलही धुऊन निघतं. मागाहून खरं तेल घालणार असाल तरच ते मारा.

१९९९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर यांनी चेन मोजून पाहिली. पायाने घातलेल्या शक्तीपैकी ९८.६ टक्क्यांपर्यंत शक्ती ती पुढे पोचवत होती, आणि प्रयोगशाळेच्या स्वच्छ हवेत तेल बदलून त्यात सांगण्याजोगा फरक पडला नाही. काकांना हे ऐकवलं असतं तर ते हसले असते. त्यांची सायकल प्रयोगशाळेत नाही, लक्ष्मी रस्त्यावर चालायची. तिथे तेलाला झीज थांबवायची असते आणि धूळ बाहेर ठेवायची असते.

तेव्हा माझा सल्ला असा. रोलरवर आतल्या बाजूने एकेक थेंब सोडा, पायडल उलटं फिरवा, थोडा वेळ जाऊ द्या आणि मग चेन कोरड्या फडक्याने चांगली पुसून काढा. कोरड्या दिवसांत पातळ तेल, पावसाळ्यात थोडं दाट. जळकं ऑइल कधीच नको. अधूनमधून फूटपट्टी लावून चोवीस कड्या मोजा. बारा इंच भरल्या पाहिजेत. एक षोडशांश इंच जास्त भरल्या तर चेन बदला, नाहीतर ती दातेही खाईल. आणि गिअरची खरी गरज नसेल, तर फुल चेन कव्हरची सायकल शोधा. तिला शिलाई मशीनचं तेल पुरतं.