मुळा-मुठेच्या खोऱ्यातील गूळ आणि साखर : काही विचार

पुण्याच्या पश्चिमेस मुळेच्या खोऱ्यात नांदे हे गाव आहे. तालुका मुळशी. साखरेच्या इतिहासात या गावाचे नाव कोठे आढळावयाचे नाही, आणि नेमक्या याच कारणाने ते प्रस्तुत लेखाच्या आरंभी घेतले आहे. मुळा व मुठा या दोन नद्या पुण्यास संगमावर एकत्र होतात. दोहोंचा उगम सह्याद्रीतच, दोहोंच्या माथ्यावर पाऊसही सारखाच मुबलक. असे असूनही मुठेच्या पाण्यावर हडपसर, मांजरी, लोणी, थेऊर असा उसाचा पट्टा उभा राहिला, आणि मुळेचे खोरे दीर्घकाळ भाताचेच राहिले. गोड पदार्थांच्या उत्पादनाचा कल बाजारातील मागणीवरून ठरतो असे आपण सहज गृहीत धरतो. नांद्यापासून पुण्याची बाजारपेठ मांजरीइतकीच जवळ आहे. तेव्हा मागणीने या भेदाचा उलगडा होत नाही. तो पाण्याच्या वाटपात शोधावा लागतो.

कालव्यांपूर्वी या प्रदेशात ऊस नव्हता असे मात्र नव्हे. विहिरीवर मोट चालवून भिजणारी जमीन ती मोटस्थळ, बंधाऱ्याच्या पाटाने भिजणारी ती पाटस्थळ, अशी आपल्या महसुली परिभाषेतच बागायतीची विभागणी आहे. आणि ऊस हे या बागायतीचे मानाचे पीक होते. पण बारा ते अठरा महिने शेतात उभे राहणारे पीक बैलांच्या मोटेवर जगवावयाचे म्हणजे क्षेत्र अल्पच राहणार. त्यातून निघणारा माल बहुतांशी गूळ. पांढरी साखर बाहेरून येई व ती चैनीची वस्तू होती. एकोणिसाव्या शतकात मॉरिशसची साखर मुंबई बंदरात उतरू लागली आणि मराठीत ‘मोरस’ हा शब्द रूढ झाला. एखाद्या पदार्थाचे नावच परकीय बेटावरून पडावे, ही त्या काळच्या व्यापाराची बोलकी साक्ष होय. पुढे जावा बेटाची साखर आली, युरोपातील बीटसाखरही आली. सरकारी अनुदानामुळे ही बीटसाखर इतकी स्वस्त पडू लागली की १८९९ मध्ये हिंदुस्थान सरकारला तिच्यावर खास जकात बसवावी लागली. १९०५ नंतरच्या स्वदेशी चळवळीत विलायती कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार पडला तो या पार्श्वभूमीवर.

खडकवासल्याच्या धरणाचे काम १८६९ च्या सुमारास सुरू होऊन दहा-एक वर्षांत पुरे झाले. दुष्काळनिवारण आणि पुणे शहर व छावणी यांना पाणी, हे त्यामागील हेतू. शेतकऱ्याने मात्र त्या पाण्याचा उपयोग आपल्या गणिताप्रमाणे केला. पाऊस बरा झाला त्या वर्षी ज्वारी-बाजरीला कालव्याचे पाणी विकत घेण्यात त्यास स्वारस्य नव्हते; उसाला मात्र बारमाही पाणी हवे आणि त्याचा पैसा रोख येई. दुष्काळासाठी बांधलेला कालवा अशा रीतीने उसाचा कालवा झाला. एकाच पिकाने सारे पाणी ओढू नये म्हणून विश्वेश्वरय्या यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी नीरा कालव्यावर फळीपद्धती सुचविली, ती याच अनुभवातून.

मुळेचे भाग्य निराळे ठरले. मुळा व नीला यांच्या संगमावरील मुळशीचे धरण टाटा कंपनीने वीजनिर्मितीसाठी बांधले. १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी त्याविरुद्ध सत्याग्रह केला, तरी १९२७ च्या सुमारास धरण उभे राहिले आणि अडवलेले पाणी सह्याद्री उतरून कोकणात भिऱ्याकडे गेले. बुडालेल्या जमिनींविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, व ते योग्यच आहे. परंतु धरणाखालच्या गावांचा विचार फारसा झालेला नाही. पूर्वेकडे वाहणाऱ्या नदीचा माथाच पश्चिमेस वळविल्यावर खडकवासल्यासारखी कालव्याची व्यवस्था मुळेवर होण्याचा संभव उरला नाही. नांदे व त्याच्या आसपासच्या गावांत बागायत वाढावयाची ती विहिरींवर आणि नदीतून पाणी उचलूनच.

इकडे १९३२ च्या संरक्षक जकातीने साखरधंद्याचे चित्र पालटले. देशात सुमारे ३० असलेले कारखाने काही वर्षांतच १३० च्या वर गेले. महाराष्ट्रात हरिगाव येथे बेलापूर कंपनी १९१९ पासून होतीच. आता वालचंदनगर, रावळगाव, माळीनगर हे कारखाने निघाले. यांपैकी माळीनगरचा इतिहास विशेष मननीय आहे. सासवडचे माळी बागायतदार कालव्याच्या पाण्यामागे घरदार सोडून गेले व अखेर स्वतःच कारखानदार झाले. ऊसही बदलला. मळ्यांतील जुन्या पुंड्या उसाच्या जागी को ४१९ ही जात आली. जावातील एका प्रसिद्ध जातीच्या संकरातून ती निपजली होती; म्हणजे ज्या बेटाच्या साखरेशी स्पर्धा करावयाची त्याच बेटाच्या उसाने आपला धंदा सावरला. १९५०-५१ पासून प्रवरेच्या सहकारी कारखान्याने पुढचा मार्ग दाखविला. त्यातील विठ्ठलराव विखे व धनंजयराव गाडगीळ यांचे कार्य सर्वपरिचित असल्याने येथे विस्तार करीत नाही.

प्रश्न उरतो तो गुळाचा. कारखाने वाढले तसतसा गूळ मागे पडला, हे विधान स्थूलमानाने खरे आहे, पण ते सरळ रेषेसारखे मांडणे चुकीचे होईल. गूळ व साखर ही एकाच उसाची दोन अपत्ये. साखरेचा भाव सरकारने बांधला व गुळाचा मोकळा राहिला की ऊस गुऱ्हाळाकडे वळतो. १९६५-६६ मध्ये देशात सुमारे ३५ लाख टन साखर झाली. पुढील दोन हंगामांत ती २२ लाख टनांच्या आसपास उतरली. दुष्काळ हे एक कारण होते. गुळाच्या चढ्या भावाने ओढून नेलेला ऊस हे दुसरे. परिणामी १९६७ मध्ये सरकारला नियंत्रण अंशतः उठवावे लागले. गुऱ्हाळाचे बळ त्याच्या लहानपणात आहे. एक चरक, एक काहील, जळणाला त्याच उसाची चिपाडे आणि पाक ओळखणारा एक अनुभवी गुळव्या एवढ्यावर ते उभे राहते, आणि भाव पडला की तितक्याच सहज विझते. कारखान्यास अशी मोकळीक नाही.

मुळशी-मावळच्या सीमेवर कासारसाई-दारुंब्रे येथे संत तुकाराम सहकारी साखर कारखाना निघाला, तेव्हा मुळेच्या खोऱ्यातील उसास जवळचे गिऱ्हाईक मिळाले. मुठेच्या पट्ट्यापेक्षा हे शतकाने उशिरा घडले. त्याच सुमारास शेजारी हिंजवडीस माहिती-तंत्रज्ञानाची वसाहत आकारास येऊ लागली व जमिनीचे मोल उसाच्या हिशेबाबाहेर गेले. २०२१ मध्ये नांद्याशेजारचे सूस पुणे महापालिकेत समाविष्ट झाले. आणि त्याच आदेशाने, मुठेच्या उसाचे माहेरघर असलेले मांजरी बुद्रुकही. राज्याचा एकूण आलेख मात्र चढताच राहिला : २०२१-२२ च्या हंगामात महाराष्ट्राने सुमारे १३७ लाख टन साखर काढून उत्तर प्रदेशास मागे टाकले. प्रदेशाची सरासरी आणि गावाचा अनुभव यांत किती अंतर पडू शकते, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

या विषयाकडे वळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी साधनांची एक मर्यादा ध्यानी ठेवावी. कारखान्यात गाळलेल्या प्रत्येक टनाची नोंद होते. गुऱ्हाळातील ढेपांची होत नाही, किंवा झाली तर अंदाजाने होते. त्यामुळे आकड्यांत दिसणाऱ्या गुळाच्या ऱ्हासापैकी काही भाग प्रत्यक्ष ऱ्हासाचा व काही नोंदीच्या पद्धतीचा आहे. बाजार समितीची आवक-पुस्तके येथे उपयोगी पडतात, परंतु गावात वा नात्यागोत्यात खपलेला गूळ त्यांत येत नाही. गावच्या दप्तरातील पीकपाहणीत उसाचे क्षेत्र मिळते. तो ऊस चरकात गेला की कारखान्यात, हे तेथेही लिहिलेले नसते. २०२१ पासून शेतकरी स्वतःच भ्रमणध्वनीवरून पीक नोंदवितो, तरी हा रकाना त्यातही नाही.