पडण्याची भीती

घोड्यावरून पडण्याची भीती फक्त नवशिक्याला, असा आपला समज. ग्रीक सेनानी झेनोफोनला तसं वाटत नव्हतं. इ.स.पू. ४०१ मध्ये इराणी साम्राज्यात अडकलेल्या, घोडदळ नसलेल्या सैनिकांना त्याने धीर दिला तो असा: शत्रूचे स्वार घोड्यांवर लोंबकळताहेत, त्यांना आपल्याइतकीच पडण्याचीही धास्ती आहे! तेव्हा रिकिबी नव्हत्या हो, सारी भिस्त मांड्यांवर.

पुढे त्याने अश्वविद्येवर पुस्तक लिहिलं. नवा घोडा घेताना आधी खूर पाहा म्हणतो. पाया कच्चा तर घर काय कामाचं? बुजरा घोडा घेऊच नका, तो स्वारालाच पाडतो. आणि बुजला तर मारू नका. ज्याला तो बुजला त्याची आणि वेदनेची सांगड त्याच्या मनात बसते. (छडीने गणित पक्कं होतं म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.)

मला आवडतो तो वेगळाच प्रसंग. इ.स.पू. ३९९ मध्ये लॅम्प्सॅकसला पैशाच्या चणचणीपायी त्याने लाडका घोडा पन्नास दारिकांना, म्हणजे सोन्याच्या नाण्यांना, विकला होता. मित्रांनी तो सोडवून आणला आणि पैसे काही केल्या घेतले नाहीत.