उशीचा अभ्रा



गेल्या वर्षी मुलीकडे अमेरिकेत, ओहायोला राहून आले. तिच्या शेजारच्या आजोबांना जुने व्हॅक्यूम क्लीनर जमवायचा नाद. आपण पितळी डबे जपतो, हे केर काढायची यंत्रं! मला हसूच आलं.

पण नीट पाहिल्यावर गंमत वाटू लागली. 1921चा इलेक्ट्रोलक्सचा 'मॉडेल व्ही' म्हणजे आडवं नळकांडं, खाली घसरपट्ट्या. मागे मागे ओढत न्यायचा आणि नुसती हवा खेचायची. 1926चा हूव्हरचा '700' मात्र उभा. त्याच्या फिरत्या रुळावर दांड्या असतात, त्या गालिचा अक्षरशः झोडतात. 1936च्या 'मॉडेल 150'ला हेन्री ड्रेफस यांनी बेकलाइटचं गुळगुळीत झाकण दिलं. पुढे चेंडूसारखा गोल 'कॉन्स्टलेशन' आला, तो तर आपल्याच बाहेर पडणाऱ्या हवेवर तरंगतो. मी पुनःपुन्हा त्या दांड्याच बघत होते. मुंगी सापडली तर?

मग आजोबांनी त्यांच्याच राज्यातल्या कँटन गावची गोष्ट सांगितली. लंडनमध्ये ह्यूबर्ट बूथ यांनी 1901 साली यंत्र केलं होतं, पण ते घोडागाडीवर; रस्त्यात उभं करून खिडक्यांतून नळ्या आत सोडायच्या. कँटनचे जेम्स मरे स्पँगलर एका दुकानात झाडलोट करायचे. त्यांना दमा. झाडताना उडणारी धूळ सोसेना, म्हणून त्यांनी पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि धूळ धरायला चक्क उशीचा अभ्रा जोडला. 1908 साली पेटंट मिळालं. त्यांच्या ओळखीच्या सुझन हूव्हर यांनी यंत्र घरात वापरून पाहिलं, नवऱ्याला सांगितलं. चामड्याचा धंदा करणाऱ्या विल्यम हूव्हर यांनी पेटंट विकत घेतलं. नाव हूव्हरचं झालं. मी कॉमर्सवाली, हिशेब लगेच कळला.

दमा म्हटल्यावर मात्र गप्प झाले. सासूबाईंनाही दमा होता. 1987 साली यजमान व्हॅक्यूम क्लीनर घेऊया म्हणाले, तेव्हा जीव ओढले जातील म्हणून मीच नको म्हटलं. गादीपुरता, आधी बघून वापरता आला असता, हे सुचलंच नाही. सासूबाई तोंडाला पदर लावून झाडत राहिल्या.

निघताना आजोबांनी विचारलं, यातला कोणता आवडला? मी मॉडेल व्हीकडे बोट दाखवलं. त्याला दांड्या नाहीत.